शेवटच्या पायरीवरचा रुमाल

दोन हजार वर्षं जुन्या एका दगडी रंगमंचावर उभी राहून मी माझ्या मैत्रिणीची निंदा केली. कुजबुजत केली, म्हणजे मी केवढी सावध बघा. मैत्रीण त्याच नाट्यगृहाच्या अगदी वरच्या पायरीवर बसलेली होती. ज्या बांधकामाची ख्यातीच ही, की खाली पुटपुटलेलं वर ऐकू जातं, ते बघायला विमानानं जायचं आणि तिथंच उभं राहून पुटपुटायचं, याला खास अक्कल लागते. माझ्याकडे ती त्या काळी भरपूर होती. नुकतीच रिटायर झाले होते. वय अठ्ठावन्न, केसांना मेंदी, पायांत नवे पांढरे बूट आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. त्या पांढऱ्या बुटांतल्या बाईची आज आठवण झाली तरी मला शिसारी येते. समोर आली तर ओसरीवरही चढू देणार नाही तिला.

नातवंडांना मी त्या प्रवासातली दुसरीच गोष्ट सांगते. उंट माझ्यावर थुंकला, ती. ती साफ खोटी आहे. पण उंटानं थुंकायला हवं होतं, एवढं खरं.

मैत्रीण म्हणजे परकारबाई. हाजरा परकार. दिघीच्या अलीकडे, खाडीकाठच्या आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या आणि मी मराठी. त्या तिथल्याच, चार पिढ्या व्यापारउदीम केलेल्या घरातल्या, निम्मं घर आखातात. मी पेणकडच्या मिठागरवाल्यांची लेक, नोकरीपायी इकडं येऊन पडलेली. वयानं त्या तीन वर्षांनी मोठ्या. एकमेकींना आम्ही शेवटपर्यंत 'परकारबाई' आणि 'म्हात्रेबाई' म्हणत राहिलो. पहिल्या नावानं हाक मारण्याइतकी सलगी कुणालाही करू देणं त्यांना किळसवाणं वाटायचं.

किळस हा त्यांचा कायमचा ऋतू होता. त्यांचं नाक म्हणजे त्यांच्या चेहऱ्याचा मुख्याध्यापक. डोळे, ओठ, गाल सगळे त्याच्या हाताखाली. स्टाफरूममधल्या कपाला त्या हात लावायच्या नाहीत, स्वतःचा कप पिशवीतून आणायच्या. खडूची पावडर, ओल्या छत्रीचा वास, दुसऱ्यानं चाळून दुमडलेलं वर्तमानपत्र, जेवताना येणारा भुरका, या सगळ्यावर त्यांची एक आखूड 'शी' ठरलेली. खोटं बोलणाऱ्यावर आणि शिळ्या मासळीवर लांब 'शी'. आणि तिसरी एक होती ती बिनआवाजाची. तिच्यात त्या फक्त डोळे मिटून घ्यायच्या, जणू समोरचं जग बघण्याच्या लायकीचंच राहिलं नाही. ही तिसरी मी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिली.

बाजारात त्या आल्या की कोळणी टोपल्या सावरून बसायच्या. बाई बांगड्याचा कल्ला एका बोटानं उचलणार, आत बघणार, बोट रुमालाला पुसणार.

"मास्तरीनबाय, सकालचीच हाय गो."

"सकाळची असेल. कुठल्या सकाळची ते सांग."

आजूबाजूच्या कोळणी पदर तोंडाला लावून हसायच्या. पण बाईंनी उचलला तो बांगडा ताजा, हे साऱ्या बाजाराला ठाऊक. त्या गेल्या की उरलेली गिऱ्हाइकं त्याच टोपलीवर पडायची.

हा रुमाल लक्षात ठेवा. म्हणजे मासळीचा नव्हे, तो वेगळा, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातला. दुसरा आतल्या कप्प्यात असायचा. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. तो फक्त नाटकाच्या तालमीला निघायचा.

शाळेचं गॅदरिंग आलं की परकारबाई स्वतः नाटुकलं लिहायच्या आणि बसवायच्या. आमचा हॉल म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला भिंत. बाई त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या. स्टेजवरच्या मुलीचं वाक्य तिथवर पोहोचलं की रुमाल वर. नाही पोहोचलं तर रुमाल मांडीवर. ओरडा नाही, शाबासकी नाही. मुलगी तेच वाक्य दहादा म्हणणार, रडवेली होणार, आणि अकराव्या वेळी त्या दूरच्या अंधारात पांढरं काहीतरी हलणार. त्या क्षणी पोरींचे चेहरे मी पाहिलेत. बक्षीस मिळाल्यावरही तसे होत नाहीत.

"घशातून ओरडू नका," त्या सांगायच्या. "ओकारी आल्यासारखं दिसतं. शेवटच्या माणसाला सांगायचंय असं ठरवून बोला. आपोआप पोहोचतं."

मी प्रॉम्प्टर. उजव्या विंगेत स्टुलावर, मांडीवर वही. प्रॉम्प्टरची कुजबुज ही वेगळी विद्या आहे, बरं का. तिच्यात आवाज नसतो, दातांच्या फटीतून ढकललेला नुसता श्वास असतो. स्टेजवर गेला पाहिजे, पहिल्या रांगेत जाता कामा नये. सत्तावीस वर्षं मी तो ढकलला. नाटक संपलं की पोरी विंगेत येऊन म्हणायच्या, "बाई, तुम्ही होतात म्हणून." या चार शब्दांवर मी सत्तावीस वर्षं फुगत गेले. शेवटी शेवटी मला खरंच वाटू लागलं, की परकारबाई मागं भिंतीला टेकून रुमाल हलवतात आणि नाटक मी चालवते.

एकदा गावातल्या एका कंत्राटदारानं शाळेला लाउडस्पीकरचा सेट भेट दिला. भोंगे, माइक, सगळा सरंजाम. त्याच्या हस्ते उद्घाटन. नाटुकलं सुरू झालं, पहिल्या मुलीनं माइकपुढं तोंड उघडलं आणि भोंग्यातून असा काही आवाज निघाला, की पुढच्या रांगेतलं तान्हं पोर किंचाळलं. तेव्हा पहिल्यांदा मी ती तिसरी 'शी' पाहिली. परकारबाईंनी डोळे मिटले. मग उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि स्वतःच्या हातानं वायर उपटली.

कंत्राटदार म्हणाला, "अहो बाई, मागच्यांना ऐकू कसं येणार?"

"मागची मीच असते," परकारबाई म्हणाल्या. "भोंग्यातला आवाज म्हणजे डब्यातली मासळी. पोट भरेल, चव मेलेली."

भोंग्यांचा हा राग त्यांच्या डोक्यात कुठून शिरला ते मला ठाऊक होतं. इतिहासाच्या पुस्तकात रोमन नाट्यगृहाचं एक चित्र होतं. बोटाच्या पेराएवढं, इतकं काळं छापलेलं की नाट्यगृह आहे की अर्धी चिरलेली करवंटी हे कळू नये. त्या चित्रावर बाई दरवर्षी दोन तास घालवायच्या. डोंगराच्या उतारात कोरलेल्या पायऱ्या, हजारो माणसं, मधे उघडा गोल, आणि माइक नसताना शेवटच्या पायरीवरच्या माणसाला अक्षर न् अक्षर ऐकू. "आणि अशी काही नाट्यगृहं आजही चालू आहेत," त्या सांगायच्या, जणू त्यांच्या माहेरचं कोणी अजून हयात आहे.

मुलींना पटेना, म्हणून एका वर्षी त्या सगळ्या वर्गाला चिऱ्याच्या बंद पडलेल्या खाणीत घेऊन गेल्या. जांभा दगड कापून कापून खाणीच्या कडेला पायऱ्या पडलेल्याच होत्या. सोबत म्हणून मला नेलं. तळाला हिरवं साचलेलं पाणी, त्यात डासांची अळी वळवळतेय, काठाला दारूच्या बाटल्या आणि एक फुगलेलं मेलेलं कुत्रं. परकारबाईंनी पदर नाकाला लावला, पोरींना वरच्या पायऱ्यांवर बसवलं आणि स्वतः त्या घाणीच्या काठाशी उतरल्या. साडीचा काठ चिमटीत उचललेला. पदर नाकावरून काढला आणि नेहमीच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "मुलींनो, घरी आईला सांगून आलात ना?"

वरच्या पायरीवरून चाळीस पोरी एका सुरात म्हणाल्या, "हो."

बाई वर आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. वासानं असेल म्हणून मी सोडून दिलं. मी तेव्हा बऱ्याच गोष्टी वासावर सोडून द्यायची.

त्यांच्या रिटायरमेंटच्या वर्षी तालमीत एक प्रकार घडला. एक मुलगी वाक्य विसरली, तिनं नुसते ओठ हलवले. भिंतीशी रुमाल वर गेला. मी विंगेतून पाहिलं आणि मला कळलं, की बाईंना ऐकू येत नाही, त्या ओठ वाचतात. आता खरं सांगते. मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी, अगदी एक क्षण, बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून जिभेवरून खरवडून काढते आहे, निघत नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की एक कान गेलाय आणि दुसरा हळूहळू जाणार. मशीन दिलं. ते घेऊन परतताना आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या फेरीबोटीत आम्ही कठड्याशी उभ्या होतो.

"घातलंत का?" मी विचारलं.

"शी. दुसऱ्याचं बोट कानात घातल्यासारखं वाटतं. कपाटात टाकणार आहे."

मी विश्वास ठेवला. न ठेवून करते काय? परकारबाईंच्या डोक्यावरचा पदर कायम कानांच्या खाली उतरलेला. इतक्या वर्षांत मी त्यांचे कान पाहिलेले नव्हते.

पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पूर्ण जायच्या आत एकदा ऐकायचंय, म्हात्रेबाई. दगडावरून आलेला माणसाचा आवाज. मधे काही नको. तेवढं झालं की कान गेले तरी चालतील." आयुष्यात त्यांनी कुणापाशी काही मागितल्याचं मी ऐकलेलं एवढंच.

त्यांना फुफी, म्हणजे आत्या म्हणणारा भाचा इक्बाल आखातात एसीच्या दुरुस्तीचं काम करत करत जॉर्डन देशात अम्मानला जाऊन स्थिरावला होता. त्या शहराच्या मधोमध रोमन नाट्यगृह आहे आणि तिथं अजून कार्यक्रम होतात, हे त्यानं कळवलं. परकारबाई माझ्या रिटायरमेंटपर्यंत थांबल्या. तीन वर्षं. ज्या बाईचा कान दर महिन्याला थोडा थोडा झिजत होता, ती माझ्यासाठी तीन वर्षं थांबली. हे मला तेव्हा सहज वाटलं. सोबत हवी असते माणसाला, त्यात काय एवढं, असं पांढऱ्या बुटांतल्या बाईला वाटलं.

नाट्यगृह मात्र पुस्तकातल्या चित्रासारखं अजिबात नव्हतं. डोंगराची आख्खी कूस पायऱ्यांनी भरलेली, इतकी खडी की खालून बघताना मान दुखावी. आणि घाण आपल्यासारखीच. आत जायच्या कमानीखाली मुताचा वास. पायऱ्यांच्या फटींत आइस्क्रीमचे कागद, भोपळ्याच्या बियांची थुंकलेली सालं, कबुतरांची शीट. एक जोडपं फोटोसाठी एकमेकांना आइस्क्रीम भरवत होतं आणि ते त्यांच्या हनुवट्यांवरून ओघळत होतं. परकारबाईंनी हे काही पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाक गप्प होतं.

"तुम्ही खाली थांबा," त्या म्हणाल्या. "मला शेवटच्या पायरीवर एकटीला बसायचंय."

एकसष्ट वर्षांचे गुडघे. दर दहा पायऱ्यांनी थांबत, साडी सावरत त्या चढत राहिल्या. ठिपका होईपर्यंत चढल्या. मी आणि इक्बालची बायको नाझनीन खाली गोलात उभ्या. एका बाजूला ताडपत्रीखाली संध्याकाळच्या कार्यक्रमाचं सामान झाकून ठेवलेलं.

जमिनीवर मधोमध एक खूण होती. नाझनीन म्हणाली, "बाई, इथं उभ्या राहून बोला, मजा येते." मी उभी राहिले आणि हाक मारली, "परकारबाई, ऐकू येतंय का?" माझाच आवाज भरदार होऊन माझ्या छातीत परत आला. मला तो फार आवडला. वरून काही उत्तर नाही. बाई नुकत्याच टेकल्या होत्या आणि दोन्ही हात पदराखाली घालून कानाशी काहीतरी करत होत्या. घाम पुसत असतील, असा मी तर्क केला.

मग मी नाझनीनकडे वळले आणि खुणेवरून न हलता, माझ्या त्या खास विद्येत, दातांच्या फटीतून म्हणाले:

"बघ, हाक मारली तरी पत्ता नाही. ठार बहिरी झालीये तुझी फुफी. संध्याकाळी तिला माझ्या शेजारी नको बसवू हं, 'काय म्हणाला, काय म्हणाला' करून माझी लाज काढेल. आणि नाटकातलं तिला कळतंय काय? जन्मभर मागं बसून रुमाल हलवला. नाटकं मी तारली, विंगेतून."

ती माझ्या डोक्यावरून वर बघत होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "फुफीनं रुमाल का वर केलाय?"

मी वळले. सगळ्यात वरच्या पायरीवर, आभाळाला लागून, तो ठिपका ताठ बसलेला होता आणि त्याच्या वर पांढरा रुमाल. हलत नव्हता. नुसता वर धरलेला.

उतरायला त्यांना पाव तास लागला. त्या पाव तासात मी सतरा सबबी जुळवल्या. त्या आल्या, पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पाणी आहे का?" प्यायल्या, बाटलीचं तोंड पुसून परत दिली. बस.

संध्याकाळी नाझनीननं मुकाट्यानं मला एका टोकाला बसवलं आणि बाईंना दुसऱ्या. ताडपत्री निघाली. खाली कपाटाएवढे काळे लाउडस्पीकर. दोन, चार, आठ. गाणाऱ्यानं माइक तोंडात घातल्यासारखा धरला आणि पहिल्याच सुराला माझ्या बुडाखालचा दगड थरथरला. शेजारचा माणूस बिया थुंकत टाळ्या वाजवत होता, त्याच्या काखेचा वास माझ्या तोंडात येत होता. मी वाकून परकारबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

ती दुसरी वेळ. मला वाटलं होतं, ती बिनआवाजाची 'शी' माझ्या वाट्याला येईल. ती भोंग्यांच्या वाट्याला गेली. परतताना गाडीत त्या इक्बालला म्हणाल्या, "दोन हजार वर्षं दगड नीट बोलत होता. यांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबला."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यासाठी ही बाई जन्मभर थांबली होती ते तिला मिळालं होतं. दुपारी. दगडावरून आलेला माणसाचा आवाज, मधे काही नाही. तो माझा होता. आणि त्यात जे होतं, ते मी बोलले होते. गाडीच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, मेंदीच्या केसांसकट. मला खरोखर ओकारी आली. इक्बालनं गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं, बाधलं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला जेराशला नेलं. तिथलंही नाट्यगृह रोमनांचंच, तिथंही अजून कार्यक्रम होतात. त्या सकाळी मात्र ते रिकामं होतं. परकारबाई न सांगता वर चढू लागल्या. शेवटच्या पायरीवर बसल्या, रुमाल मांडीवर ठेवला आणि मला हातानं खूण केली, बोला.

मधोमध मी उभी. आत्ताच सांगून टाकावं. एक शब्द पुरे होता. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "वा, काय हवा आहे." रुमाल हलला नाही. "परकारबाई, वरून छान दिसत असेल नाही?" रुमाल मांडीवर. मी घसा फाडून ओरडले, "जपून उतरा हं." रुमाल मांडीवरच. माझ्या वर्गातली सगळ्यात मठ्ठ मुलगीसुद्धा अकराव्या वेळेला बरोबर बोलायची. मी अकरापर्यंतही गेले नाही. तेवढ्यात पर्यटकांसाठी पिशवीचे बाजे, म्हणजे बॅगपाइप, वाजवणारे तिघे जण आत शिरले आणि कोंबडीची मान पिरगळल्यासारखा सूर सुरू झाला. मला हायसं वाटलं. घ्या, कोंबडी मरतेय आणि मला हायसं वाटतंय.

गावी परतल्यावर रोजचं पूर्वीसारखं. त्या मला बांगडे निवडून द्यायच्या, मी त्यांना आंब्याचं लोणचं. मी रोज ठरवायची, आज बोलू. पण बहिऱ्या माणसाची माफी मागायची तर ओरडून मागावी लागते, आणि ओरडण्याजोगी ती गोष्ट होती का? निंदा कुजबुजत करता येते. माफीची सोय तशी नाही.

त्या वर्षी शाळेनं आम्हा दोघी जुन्यांना बोलावलं, गॅदरिंगचं नाटक बसवा म्हणून. पहिल्याच दिवशी परकारबाईंनी सांगितलं, "या वर्षी प्रॉम्प्टर नको."

कारण दिलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. नाटकाच्या दिवशी मी पहिल्यांदाच विंगेत नव्हते. त्यांनी मला स्वतःशेजारी, भिंतीला टेकवून बसवलं. नाटक एका दीपगृहाच्या पहारेकऱ्याचं होतं. तिसऱ्या प्रवेशात रेश्मा नावाची मुलगी अडली. पूर्ण अडली. ते वाक्य मला पाठ होतं. माझ्या दातांमागे येऊन उभं राहिलं, श्वास आपोआप गोळा झाला. परकारबाईंनी समोरची नजर न काढता मांडीवरचा रुमाल उचलून माझ्या हातात दिला.

"धरा," त्या म्हणाल्या. "तोंडाला."

मी धरला. इस्त्रीचा कडक वास. त्यात मी माझे सत्तावीस वर्षांचे शब्द चावत बसले. रेश्मानं विंगेकडे पाहिलं. विंगेत कोणी नाही. मग तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि ते वाक्य स्वतःहून बोलली. जरा उलटसुलट, पण भिंतीपर्यंत आलं. परकारबाईंनी माझ्या तोंडावरचा रुमाल काढून घेतला, कोरडी बाजू बाहेर केली आणि वर धरला. पोरीचा चेहरा मी यावेळी समोरून पाहिला. विंगेतून तो कधी दिसलाच नव्हता.

पुढं इक्बाल देशात परतला, पनवेलला जागा घेतली आणि फुफीला तिकडेच घेऊन जायचं ठरलं. माणगावचा रस्ता खणून ठेवलेला, धूळ नको म्हणून दिघीहून फेरीबोटीनं निघाले. मी निरोपाला गेले. हरिहरेश्वराहून परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली, काचांवर ओल्या चड्ड्या वाळत घातलेल्या. एक जण जेट्टीच्या कडेला उभा राहून कालची बिअर खाडीत ओकत होता आणि त्याचे मित्र त्याचं शूटिंग घेत होते. सडक्या कोळंबीचा वास, डिझेलचा धूर, पायाखाली वेफर्सची पाकिटं. कठड्याशी कोळणी बसलेल्या. परकारबाईंचं नाक सगळीकडे लक्ष देत होतं. आखूड 'शी', लांब 'शी', पुन्हा आखूड.

बोटीचा भोंगा झाला. इक्बालनं गाडी आत घातली. आता नाही तर कधीच नाही.

"परकारबाई," मी म्हणाले, "अम्मानला मी जे बोलले, त्याची मला लाज वाटते. माफ करा."

त्यांनी हात कानामागे नेला. "काय?"

"माफ करा म्हटलं. तिथं खाली उभी राहून तुमच्याबद्दल बोलले ते खोटं होतं."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

मग मी ओरडले. घशातून ओरडले, ओकारी आल्यासारखं. "नाटकं तुम्ही केलीत. मी नुसती कुजबुजले. मला माफ करा." कोळणींनी माना वळवल्या. ओकणारा ओकायचा थांबला. त्याच्या मित्रांनी मोबाइल माझ्याकडे फिरवले. जेट्टीच्या पार टोकाला जाळं विणत बसलेला म्हातारा उठून उभा राहिला, कोण बुडालं ते बघायला.

परकारबाईंनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून रुमाल काढला आणि वर धरला. वाऱ्यानं त्यांचा पदर मागं गेला आणि तीसएक वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा कान पाहिला. त्यात ते मशीन होतं, घट्ट बसवलेलं, नीट पुसलेलं. अम्मानच्या पायरीवर पदराखाली हात गेले होते ते हेच काढून ठेवायला. त्या बोटीच्या फळीवर चढल्या, वळल्या. त्यानंतर आमची भेट नाही, त्या पनवेललाच वारल्या. म्हणून त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवलंय.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, म्हात्रेबाई. पण निंदा शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचवलीत, तर माफी निदान जेट्टीच्या टोकापर्यंत तरी जाऊ दे."